डबीचं पासिंग

करुणा हिवराळेनं आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, पण जुनी गाडी घ्यायची म्हटलं की छावणीतली निम्मी माणसं आधी तिच्याकडे यायची. मेकॅनिकला नंतर विचारायची, आणि तो काही वेगळं बोलला तर त्यालाच वेड्यात काढायची. करुणाताईनं नंबर बघून 'घ्या' म्हटलं की झालं.

तिला हा मान फुकट मिळाला नव्हता. करमाडच्या पुढे जालना रोडला लागून गाड्यांच्या तपासणीचं एक खाजगी केंद्र आहे. भाड्यानं चालणाऱ्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांना ठरावीक मुदतीनं तिथं येऊन पास व्हावं लागतं. लोक त्याला पासिंग म्हणतात. गाडी रोलरवर चढते, यंत्र ब्रेकची टक्केवारी सांगतं, तपासनीस टायरचे फोटो काढतो, त्यांवरचे, प्रत्येक टायरला वेगळे असलेले नंबर मोठ्यानं वाचतो, आणि काचेच्या केबिनमध्ये बसलेली करुणा ते सगळं संगणकात भरते. चार वर्षं ती हेच करत होती. दुसरी कुणी असती तर पाट्या टाकून घरी गेली असती. करुणानं एक दोनशे पानी वही घातली होती. कुठल्या बनावटीच्या किती गाड्या आल्या, पहिल्या फेरीत किती पास झाल्या, किती परत गेल्या, कशापायी परत गेल्या, सगळं त्या वहीत होतं.

त्या वहीत एक छोटी गाडी सगळ्यांच्या वर होती. तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव काहीतरी लांबलचक होतं. ड्रायव्हर लोक तिला 'डबी' म्हणायचे. शंभरातल्या चौऱ्याण्णव डब्या पहिल्या झटक्यात पास. तिच्या खालची गाडी एकाहत्तरावर. पाच-सहा वर्षं जुन्या, दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या डब्यासुद्धा नव्या नवरीसारख्या रोलरवर चढायच्या आणि सत्तर टक्क्यांच्या पुढे ब्रेक दाखवून उतरायच्या. आकडा खोटं बोलत नाही, असं करुणा म्हणायची, आणि जरा जास्तच ठासून म्हणायची.

म्हणून धाकट्या भावासाठी, सम्यकसाठी, गाडी बघायची वेळ आली तेव्हा तिनं दुसरीकडे पाहिलंसुद्धा नाही. सम्यक सहा वर्षं रिक्षा चालवत होता. आता गाडी घेऊन शेंद्र्याच्या कंपन्यांची माणसं ने-आण करायची, असं ठरलं होतं. एका ट्रॅव्हल्सवाल्याची सहा वर्षांची डबी विकायला होती. करुणानं तिची आठ महिन्यांपूर्वीची तपासणी उघडली. ब्रेक एकाहत्तर टक्के, डाव्या-उजव्यात फरक जवळपास नाही, टायर उत्तम. तिनं तो अहवाल फोटोंसकट छापून घरी आणला आणि आईपुढे, कडूबाईपुढे ठेवला. कडूबाईंनी चष्मा लावून पान उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? तू पाहिली ना, मग झालं."

गाडी घरी येऊन आज बारा दिवस झाले होते. त्या बारा दिवसांत सम्यक तीनदा म्हणाला होता, "ताई, ब्रेक लई खाली जातो गं. पाय पार तळाला टेकतो."

तिन्ही वेळा करुणा हसली होती. तिसऱ्यांदा तर चारचौघांत म्हणाली होती, "अरे, यंत्रानं एकाहत्तर टक्के दिलेत. तुझ्या पायाला रिक्षाची सवय आहे, बाबा. गाडीची व्हायला वेळ लागणार."

सम्यक ओशाळला होता.

आज गुरुवार. पिशोरला मामाच्या नातीचं नाव ठेवायचं होतं. करुणाला रजा मिळाली नाही, पण सम्यक साडेनऊलाच आईला घेऊन निघाला होता. खुलताबादला आवडाबाई मावशीला गाडीत घ्यायचं आणि तिथून जुन्या रस्त्यानं वेरूळचा घाट उतरून कन्नडमार्गे पिशोर. निघताना त्यानं फोन केला होता. आवाजात उत्साह होता. आईला स्वतःच्या गाडीतून माहेरी न्यायची ही पहिलीच वेळ होती.

पावणेअकराला रोलरवर एक पांढरी डबी चढली. ब्रेक बहात्तर टक्के. करुणानं आकडा टाकला. मग मागच्या डाव्या टायरचा फोटो पडद्यावर आला आणि तिचा हात थांबला.

टायरच्या बाजूला हिरव्या रंगाचा ओघळ होता, बोटभर लांब, खाली जरा वाकडा झालेला. कुणीतरी फाटक रंगवताना सांडलेला असावा. हा ओघळ तिनं पाहिला होता. कुठं पाहिला, हे आठवायला तिला दोन क्षणही लागले नाहीत, कारण तो फोटो त्यांच्या घरात टीव्हीशेजारी बारा दिवस पडून होता.

तिनं सम्यकच्या गाडीची जुनी तपासणी उघडली. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. ओघळ तोच. टायरवरचा नंबर तोच. तिनं एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिलं, जसं काही नीट वाचलं तर एखादं अक्षर बदलेल. बदललं नाही.

आठ महिन्यांपूर्वी सम्यकच्या गाडीला असलेलं टायर आज दुसऱ्याच्या गाडीला कसं? ट्रॅव्हल्सवाल्यानं विकलं असेल, ती मनाशी म्हणाली. लोक विकतात टायर. पण मन मानेना. टायरचा नंबर ती चार वर्षं भरत आली होती. त्या नंबरावरून शोध घ्यायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं. तिनं तो नंबर शोधाच्या रकान्यात टाकला.

पडद्यावर यादी आली. एकच टायर, मागच्या तीन वर्षांत, सदतीस गाड्यांना. आणि त्या सदतीसही डब्या होत्या.

वहीतले चौऱ्याण्णव टक्के आता तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते. तिनं खुर्ची मागे सारली.

"कुठं निघाली? ओके टाक ना आधी," तपासनीस काचेबाहेरून ओरडले.

"आले साहेब, दोन मिनिटं," ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच गेटबाहेर पडली.

गेटबाहेर रस्त्याच्या कडेला पत्र्याची चार गॅरेजं आहेत. पासिंगच्या आधी गाडीची 'तयारी' करून देण्यावर ती चालतात. तयारी म्हणजे धुणं-पुसणं, दिव्याचा बल्ब, फार तर ब्रेकला हवा मारणं, असं करुणा धरून चालली होती. चार वर्षं रोज त्या पत्र्यांसमोरून ती जात-येत होती. आत काय चालतं ते बघायला कधी थांबली नव्हती, कारण तिच्या लेखी खरी गाडी संगणकात होती.

सोमनाथ फिटर जॅकजवळ उकिडवा बसला होता. दिलदार माणूस. करुणाला पाहून उठला. "या ताई! आज इकडं कसं काय? चहा सांगू का?"

"सोमनाथभाऊ, आत्ता आत गेलेल्या डबीला टायर कुणाचे आहेत?"

सोमनाथ जरा घुटमळला, पण लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "आपलेच हायेत. सेट हाय ना आपला डबीचा. गाडी आली की चढवायचा, पास झाली की उतरवून घ्यायचा. तासाभराचं काम. सगळ्यांनाच म्हाईत हाय, ताई."

"सगळ्यांना म्हणजे?"

"आता तुम्हालाबी म्हाईत असंल असं वाटलं मला," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "बाकीच्या गाड्यांचा सेट कुणाकडं नाय. डबीचाच जमला. म्हणून तर डबी कधी फेल व्हत नाय."

वहीत चार वर्षं ती गाडीचे गुण लिहीत नव्हती, सोमनाथच्या सेटचे लिहीत होती. पण ते दुःख करायला वेळ नव्हता. तिनं मोबाइलमधला सम्यकच्या गाडीचा फोटो उघडून त्याच्यापुढे धरला.

"ही आठवते का? ट्रॅव्हल्सवाल्याची. आठ महिने झाले."

सोमनाथनं नंबर वाचला. "व्हय, व्हय. ध्यानात हाय चांगली. त्या टायमाला नुसतं टायरवर भागलं नव्हतं. मागच्या ब्रेकचे ड्रम, लायनर, सगळं आपलंच चढवलं व्हतं."

"का?"

"का म्हंजे? तिच्यात काय ठेवलं व्हतं? ड्रमला चिरा, लायनर घासून पत्रा झालेला, अन् वरून सिलेंडरातून तेल गळत व्हतं. मी मालकाला म्हणलो, शेठ, खर्च करा, ये गाडी किसीको मारेगी. तो म्हणला, पास करून दे, विकायचीच हाय." सोमनाथनं हात पुसत तिच्याकडे पाहिलं. "काहून, ताई? कुणी घेतली का ती?"

"माझ्या भावानं."

सोमनाथचा चेहरा उतरला.

"आज घाटात घेऊन गेलाय," करुणा म्हणाली. "वेरूळच्या. आई आहे गाडीत."

"सपाटीला चालून जाती ती," सोमनाथ घाईघाईनं म्हणाला. "पुढच्या ब्रेकवर चालती. गावात काय व्हत नाय. पण उताराला..." तो थांबला. "ताई, फोन लावा. आधी फोन लावा."

तिनं सम्यकला फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिस्त त्याला रिक्षाच्या दिवसांपासून होती. तिनं आईला लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. सव्वाअकरा वाजत आले होते. खुलताबादला दहाच्या सुमारास पोचले असतील, मावशी चहा केल्याशिवाय हलणार नाही, म्हणजे आत्ता निघाले असतील. आत्ता. या मिनिटाला. करुणा रस्त्याच्या कडेला धुळीत उभी राहून एकामागून एक दोन नंबर फिरवत होती. शेजारून ट्रक जात होते आणि तिला एकही ऐकू येत नव्हता. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर ती काय करणार होती? तिच्या हातात तो चार इंचाचा फोन होता आणि तो कुणी उचलत नव्हतं.

सातव्या वेळी कडूबाईंनी फोन उचलला. पाठीमागे मोठा खडखडाट होता.

"आई! गाडी थांबवायला सांग! सम्यकला सांग, आत्ताच्या आत्ता थांबव!"

"काय म्हनती? ऐकू येत नाय. आम्ही यष्टीत हाओत."

"कशात?"

"यष्टीत. मी अन् आवडी. घाट उतरलो बी आता, वेरूळ आलं."

आई बसमध्ये होती. आई घाट उतरली होती. तिनं खांबाला हात टेकला आणि एक श्वास सोडला. तो अर्धा सोडून झाला असेल नसेल, तोच तिला दुसरा प्रश्न सुचला.

"आणि सम्यक?"

"तो येतोय मागून गाडी घेऊन. कन्नडच्या स्टँडवर भेटू म्हणला."

"तुम्ही बसमध्ये का बसलात, आई?"

"तुला सांगू नको म्हणला व्हता तो. खुलताबादला आलो तव्हा म्हणला, आई, ब्रेक मला बराबर वाटत नाय, तुम्हाला घेऊन घाट नको. तुम्ही यष्टीनं व्हा पुढं. मी म्हणलं, मग तूबी गाडी ठेव इथंच आवडीच्या दारात. तर म्हणला, नाय. ताईनं एवढं बघून घेतलेली गाडी, माहाच पाय कच्चा हाय. ठेवली तर तिला वाईट वाटंल."

करुणानं कपाळ खांबाला टेकलं.

"करुणा? ऐकती का? काय झालं गं? गाडीत काय हाय का?"

'काही नाही' असं तिच्या तोंडात आलं होतं. आईला जन्मभर तेच सांगत आली होती. "ब्रेक नाही गाडीला, आई," ती म्हणाली. "मागचा ब्रेक नाहीच."

मग कडूबाई अगदी हळू म्हणाल्या, "पण तू तर पाहिली व्हती ना, माय?"

या प्रश्नाला करुणाकडे उत्तर होतं, आणि ते इतकं लाजिरवाणं होतं की ते द्यायला तिची जीभ उचलेना. तिनं गाडी पाहिली नव्हती. गाडी बारा दिवस दारात उभी होती; ती रोज तिच्या शेजारून चपला घालून कामावर येत होती. एकदा खाली वाकून मागच्या डाव्या टायरकडे बघितलं असतं, तर हिरवा ओघळ नाही हे तिथंच कळलं असतं. फोटो मात्र तिनं पन्नास वेळा पाहिला होता. "वेरूळला उतरा," ती म्हणाली. "रस्त्यावर उभ्या राहा. दिसला तर मला फोन करा."

पुन्हा सम्यकचा नंबर. घंटी. घंटी. घंटी. मग 'आपण ज्यांना कॉल करत आहात'.

सोमनाथनं तिच्या कोपराला धरून तिला सावलीत आणलं. "फस्ट गियरमधी उतरत असंल तर काय व्हत नाय," तो म्हणत होता, पण तिच्याकडे न बघता म्हणत होता. आतून तपासनीस बाहेर आले. त्यांच्या मागं त्या पांढऱ्या डबीचा मालक, घड्याळात बघत.

"करुणा, हे काय चाललंय? माणूस खोळंबलाय. ओके टाक आणि ये."

"ती गाडी पास होणार नाही, साहेब."

"बहात्तर टक्के आलेत!"

"ते सोमनाथभाऊंच्या ड्रमचे आलेत. गाडीचे नाही."

तपासनीसांनी सोमनाथकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, रोलरवर जे येतं ते आपण लिहायचं. गेटबाहेर काय होतं ते बघणं आपलं काम नाही."

हेच वाक्य कालपर्यंत करुणानंही म्हटलं असतं, आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नसतं. आता तिला त्या वाक्याचा आणि ते इतक्या सहज बोलणाऱ्या माणसाचा संताप आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. "माझा भाऊ असल्याच एका गाडीत आहे, साहेब," ती म्हणाली. "आत्ता घाटात आहे. मी सांगितलं म्हणून आहे."

मालकानं घड्याळावरून नजर काढली. कुणीच हललं नाही.

अकरा पस्तीस झाले. अकरा चाळीस. आईचा फोन नाही. करुणानं मनात घाट उभा केला: डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला कठडा, मग ते वळण, मग दुसरं. प्रत्येक वळणावर ती गाडी थांबवून बघत होती आणि गाडी थांबत नव्हती. सम्यक लहान असताना सायकल शिकताना पडला होता. तेव्हाही तो आधी म्हणाला होता, सायकलीला काही झालं नाही ना. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

अकरा सत्तेचाळीसला फोन वाजला. सम्यक.

"हॅलो? हॅलो, सम्यक?"

"ताई." आवाज सपाट होता, कुणी दुसराच बोलत असल्यासारखा. "ताई, मी ठीक हाय. आधी आईला काय सांगू नको."

"कुठं आहेस? लागलंय का?"

"घाटात हाय. दुसऱ्या वळणाला ब्रेक गेला. पाय टाकला, काहीच नाय. हँडब्रेक ओढला, तोबी धरंना. फस्ट टाकला अन् डोंगराच्या अंगाला घासत नेली. नालीत घातली. डावी बाजू पार गेलीय. मनगटाला मार लागलाय, दुसरं काय नाय. समोरनं सहलीची बस येत व्हती, पोरं व्हती तिच्यात... नाय लागली. कुनालाच नाय लागली."

करुणानं तोंडावर हात घट्ट दाबून धरला. सोमनाथला हातानंच खूण केली, आहे, आहे. सोमनाथ मटकन खाली बसला.

"ताई, तू रागावू नको," सम्यक त्याच सपाट आवाजात म्हणत होता. "चूक माही हाय. गियर मी उशिरा टाकला. घाबरलो अन् पाय बी नीट पडला नसंल. गाडी चांगली व्हती गं तू बघितलेली. मलाच जमली नाय."

आजूबाजूला पाच-सहा माणसं जमली होती. तपासनीस होते, मालक होता, शेजारच्या गॅरेजवाले होते. यांतल्या दोघांनी तिच्या शब्दावर गाड्या घेतल्या होत्या. करुणानं तोंडावरचा हात काढला.

"सम्यक, ऐक," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. "तुझं काहीच चुकलं नाही. गाडीला मागं ब्रेक नव्हताच. पासिंगला लावलेले ड्रम दुसऱ्याचे होते. तू तीनदा सांगत होतास आणि तीनदा खरं सांगत होतास. मी गाडी न बघता घ्यायला लावली आणि वर तुलाच हसले. माझं चुकलं. ऐकतोयस ना? तुझं नाही, माझं चुकलं."

पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, कुणीतरी ओरडून वाहतूक बाजूला घेत होतं. करुणा फोन कानाला दाबून उभी राहिली.

"खरंच ब्रेक नव्हता, ताई?" सम्यकनं विचारलं.

"खरंच नव्हता."

"मग मला लई भ्या वाटलं गं," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठं तो रडायला लागला.